मधल्या खोलीतली खिडकी

त्या दिवशी नेटा गेन्स घरातून निघाली ती फक्त एक खोली दाखवायला. दुसरं काही काम नव्हतं. वकीलबाईंनी फोनवर तसंच सांगितलं होतं, की तुम्ही यायचं, आत शिरायचं, जागेवर बोट ठेवायचं आणि परत जायचं. फार वेळ मोडणार नाही. नेटानं चर्चला जातानाचा करडा कोट चढवला, केसांना रुमाल बांधला, आणि आधी कॉर्डेलच्या जेवणाचं बघितलं. तळलेल्या माशाचं सँडविच कागदात गुंडाळून ओट्यावर ठेवलं, शेजारी तिखट सॉसची बाटली. कॉर्डेल तिचा एकुलता एक. वीस वर्षांचा, दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच गडी. पण गॅसला हात लावायचा नाही हे त्याला रोज सांगावं लागतं, आणि चार शब्दांपुढं त्याचं वाक्य जात नाही. शेजारच्या मिस ओडेसा म्हातारीला त्याच्यापाशी बसवून नेटा जिना उतरली. हल्ली उतरतानाही तिला धाप लागायची.

बाल्टिमोरच्या पश्चिम अंगाची ती गल्ली. नेटानं तिथं कितीतरी वर्षांनी पाऊल टाकलं. निम्म्याअधिक घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, रस्त्याच्या कडेला जुना बर्फ काळा पडून साचलेला. दुपारच होती, पण फेब्रुवारीतला उजेड तो काय, आला तसा जायच्या घाईत. लांब कुठंतरी घोडागाडीवरनं फळं विकणाऱ्याच्या घोड्याच्या घंटा वाजत होत्या. त्या वळणापलीकडं गेल्या आणि मग तेवढाही आवाज राहिला नाही.

घरासमोर येऊन ती थांबली. संगमरवरी पायऱ्या, आणि त्यांच्यावर शेवाळाचे नि काजळीचे थर. एके काळी दर शनिवारी ती याच पायऱ्यांवर गुडघे टेकून वजरीच्या दगडानं त्या घासायची. तिची आजी घासायची, आई घासायची. पायऱ्या दुधासारख्या दिसत नसतील तर ती बाई कसली, असा त्या वस्तीचा कायदाच होता. घर भाड्याचं का असेना, पायऱ्या आपल्या. सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

झालं होतं असं. पोटुशी असताना तिनं हे घर भाड्यानं घेतलं. मालक मिस्टर टिलमन. त्याच वस्तीत वाढलेला माणूस, बंदरात राबून एकाचं दुसरं, दुसऱ्याचं तिसरं घर करत गेलेला, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर. किल्ली देण्याआधी त्यानं खिडक्यांना वरून एक पांढरा हात मारला. खालचा रंग जुना होता, शिसं घातलेला, लहान पोराच्या पोटात गेला तर विषच. कायदा सांगतो, की आत कुणी राहायला येण्याआधी मालकानं रंग तपासून घ्यायचा, पोपडे नीट काढून घ्यायचे, आणि आत काय आहे ते भाडेकरूला सांगायचं. टिलमननं सांगितलं काय, तर खिडकी जरा जोर लावून उघडावी लागते.

मधल्या खोलीला उजेडापुरती ती एकच खिडकी. वर-खाली सरकणारं तावदान, बाहेर शेजारच्या घराच्या भिंतीपर्यंत हातभर फट, आणि वर आभाळाची चिंधी. पोराला वारा लागावा म्हणून नेटानं त्याचा पाळणा त्या खिडकीला लावून ठेवला. फटीत कबुतरं बसायची. कॉर्डेल बोलायला इतका लवकर लागला, की चर्चमधल्या बायका त्याला मुद्दाम मांडीवर घेऊन बोलतं करायच्या. खिडकीची खालची फळी दोन्ही हातांनी धरून तो उभा राहायचा आणि कबुतरं मोजायचा. एक... दोन... अजून एक. तीन त्याला येत नव्हतं. कितीही कबुतरं आली तरी अजून एक, अजून एक, आणि मग स्वतःच खदखदून हसायचा. मोजून झालं की फळी कुरतडायचा. दात येत होते ना. आणि शिशाचा रंग गोड लागतो, ही गोष्ट तिला पुढं डॉक्टरनं सांगितली.

त्यात नेटा पडली स्वच्छतेची भोक्ती. शनिवारी पायऱ्या झाल्या की ती आत यायची. फळीवरचे पोपडे लोण्याच्या सुरीनं खरवडायची, तावदानाखाली साठलेला भुगा कोरड्या झाडूनं झटकायची. पोराच्या अंगाशी घाण नको म्हणून. उन्हाच्या पट्ट्यात ती धूळ चमकायची, आणि पाळण्यात उभा राहून कॉर्डेल ती पकडायला टाळ्या पिटायचा. ओलं फडकं लावलं असतं तर... पण जाऊ दे. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

आधी त्याची गाणी गेली. मग मोजणं गेलं. मग एके सकाळी तो पाळण्यात बसून राहिला, कबुतरं आली तरी उठला नाही. रक्त तपासलं, आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला, की असाल तसे घेऊन या. दवाखान्यात ते वाईट वासाचं औषध, सुया, रात्रंदिवस रडणं. पोर वाचलं. डॉक्टर म्हणाले, जे गेलंय ते परत येत नसतं. आरोग्यखात्यानं घराच्या दारावर ताकीद चिकटवली, आणि ती वाळायच्या आत टिलमननं नेटाला घर खाली करायला लावलं. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

एवढी वर्षं ती गप्प होती. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवण वाढत राहिली, घरी येऊन आपल्या पोराला भरवत राहिली. पण गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि डॉक्टरनं तिच्या हृदयाचं खरं काय ते सांगून टाकलं. तेव्हापासून तिला एकच घोर, माझ्यामागं याचं कोण? अशा पोराला एकवीस पुरी होईपर्यंत फिर्याद करता येते, असं कुणीतरी म्हणालं. म्हणून मिस ब्रॅनिगन या वकीलबाई आल्या आणि म्हणून हा खटला. जिंकलो तर कॉर्डेलसाठी जन्मभर माणूस ठेवता येईल. हरलो तर तो कुठल्या सरकारी खोलीत पडेल, त्याला कोण मारेल, कोण उपाशी ठेवेल, हे तिनं रात्री पडल्या पडल्या हजारदा बघितलं होतं.

टिलमनच्या वकिलानं तिला दोन गोष्टी ऐकवल्या. पहिली, की बाई, पोपडे तुम्हीच खरवडलेत, धूळ तुम्हीच उडवलीत, मग पोराला विष कुणी घातलं? त्या प्रश्नानंतर तिला कित्येक रात्री झोप नव्हती. दुसरी गोष्ट साधी होती. त्या घरात शिसं कुठं आहे ते दाखवा. इतर खिडक्या केव्हाच बदलून प्लॅस्टिकच्या झाल्या होत्या, भिंतींवर नवे बोर्ड ठोकले होते. उरली मधल्या खोलीतली खिडकी. आणि टिलमननं शपथेवर सांगितलं होतं, की त्या खोलीला खिडकी कधी नव्हतीच. न्यायाधीशानं शेवटी एवढीच मोकळीक दिली, की भिंत एका जागी, हाताच्या पंजाएवढी उघडून बघा. काही सापडलं तर पुढं. नाही सापडलं तर विषय संपला, मालकाचं घर उकरत बसायचं नाही.

ते एक बोट ठेवायला नेटा आली होती.

टिलमन आधीच येऊन दारात उभा होता. म्हातारा झाला होता, हातात काठी. त्यानं हॅट काढली आणि जुनी ओळख असल्यागत विचारलं, "कशी आहेस, मिस नेटा? पोरगा बरा आहे ना?"

"तुम्हीच या ना एकदा बघायला," नेटा म्हणाली. "जेवायला थांबा. त्याला भरवावं लागतं, तेही बघून होईल."

म्हाताऱ्यानं हॅट परत डोक्यावर ठेवली.

आत वीज तोडलेली. लॉइड नावाचा तपासनीस बॅटरीचा दिवा घेऊन पुढं झाला, मागून वकीलबाई, मग नेटा, आणि शेवटी काठी टेकत टिलमन. जिन्याला नव्या रंगाचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, शिळा, ओला, किंचित गोडसर. मधली खोली आली आणि नेटा दारातच गोंधळली. तिची ती खोलीच नव्हती. मधे पार्टिशन घातलेलं, दार दुसरीकडं सरकवलेलं, छत खाली आणलेलं. चारी भिंती एकजात पांढऱ्या, गुळगुळीत, डोळा ठरायला एक खिळा नाही. पाळणा कुठं होता? डावीकडं? की त्या कोपऱ्यात? लॉइडनं शिसं हुडकायचं पिस्तुलासारखं आपलं यंत्र भिंतीवरनं फिरवलं. यंत्र मुकं. नव्या बोर्डाखालचं त्याला काही कळत नव्हतं.

मिस ब्रॅनिगन तिच्या जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "मिस गेन्स, घाई नाही... पण एकदाच बोट ठेवता येईल. चुकलं तर मला पुढं काही करता येणार नाही."

नेटानं मान हलवली. मला जरा एकटीला राहू द्या, असं ती म्हणाली, तर टिलमनच कुरकुरला, एकटीला कशाला म्हणून. पण वकीलबाईंनी त्याला जिन्यापाशी नेलं. लॉइड दिवा जमिनीवर ठेवून त्यांच्यामागं गेला. दार लोटलं गेलं.

आता दिव्याचा पिवळा गोल, तिची सावली आणि चार भिंती. बाहेरून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. आपल्याच श्वासाची घरघर ऐकत ती उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की दुसराही एक आवाज आहे. बारीक. कर्र... कर्र... थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. उंदीर असेल, तिनं मनाशी म्हटलं. जुनी घरं, उंदीर असायचेच. पण तो आवाज तिनं ऐकलेला होता. भात शिजत टाकून, दुसऱ्या खोलीत इस्त्री करता करता, किती दुपारी ऐकलेला होता. आणि प्रत्येक वेळी हाक मारून म्हटलेलं होतं, की बाळा, लाकूड नाही खायचं.

आवाज थांबला.

"एक..."

नेटानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"दोन..." भिंतीच्या आतून, लडिवाळ, सुरात, थोडं थांबून. "अजून एक..."

ती किंचाळली नाही. पळालीही नाही. तुम्ही-आम्ही पळालो असतो. पण ज्या आवाजासाठी एक आई इतकी वर्षं झुरली, त्याला ती काय भिणार? ती भिंतीशी गेली, गुडघ्यांवर बसली, गालच टेकला बोर्डाला. बोर्ड बर्फासारखा गार. पलीकडं पोर खुदखुदत होतं.

"बेबी...?" ती कुजबुजली. "कॉर्डेल...?"

हसू थांबलं. मग अगदी तिच्या कानापाशी, "मम्मा... कबू..."

नेटाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. माणूस मेल्यावर मागं काही राहतं असं म्हणतात. तिचा मुलगा तर जिवंत होता. आत्ता या घटकेला सँडविच खात असेल, निम्मं शर्टावर सांडत असेल. मग हा कोण? तिला कुणी सांगायला नको होतं. डॉक्टर म्हणाले होते ना, जे गेलं ते परत येत नाही. कुठं गेलं ते काही ते बोलले नव्हते. इथं होतं. ती सामान बांधून पोराला कडेवर घेऊन गेली, तेव्हा हे मागंच राहिलं होतं. तिनं वळूनही पाहिलं नव्हतं.

आणि मग एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती इथं बोट ठेवणार. हे लोक भिंत फोडणार, चौकट कापून कोर्टात नेणार. मग हा कुठं राहील?

खोटं कशाला सांगायचं, तिच्या मनात आलंच. दुसरीकडं बोट ठेवावं. पलीकडच्या कोपऱ्यात. काही निघणार नाही, खटला बुडेल, भिंत राहील, आणि आपण अधूनमधून येऊन गाल टेकून बसू. कॉर्डेलचं काय व्हायचं ते होवो. हा विचार तिनं केला, आणि केल्यावर तिला स्वतःची अशी काही शिसारी आली, की ती भिंतीला कपाळ लावून रडली.

"बाळा," ती म्हणाली, "मी इथं हात ठेवला तर... ते तुझी खिडकी नेतील रे..."

तिनं तळवा भिंतीवर ठेवला. बराच वेळ नुसता गारवा. मग पलीकडून, तिच्या तळव्यासमोर, कुणीतरी तळवा टेकवला. बोर्ड किंचित दबला, ते तिला स्पष्ट जाणवलं. तिनं बोटं पसरली, पलीकडची बोटंही पसरली. दोन वर्षांच्या पोराचा तो हात नव्हता. तिच्या हातापेक्षा मोठा होता.

मग डोळे पुसून तिनं हाक मारली, "इथं आहे. या."

लॉइडनं करवतीनं बोर्डाचा पंजाएवढा तुकडा कापला. आतून वारा आला, आणि तोच गोडसर वास. दिवा धरला तर जुनी चौकट, कित्येक थरांच्या रंगाची, पोपड्यांनी भरलेली. यंत्र लावल्याबरोबर ते असं ओरडायला लागलं, की लॉइडला ते बंद करावं लागलं. काढायचं ते काढलंच नव्हतं. स्वस्तात निपटायचं म्हणून टिलमननं चौकटीवरच बोर्ड ठोकले होते. वकीलबाईंनी नेटाचा खांदा दाबला आणि कोर्टात फोन लावला. तोंडी परवानगी आली तसा लॉइडनं सगळा बोर्ड उतरवला. खिडकी पुरी दिसली. मागं हातभर फट, विटांची भिंत. कबुतरं नव्हती. कोणीच नव्हतं.

लॉइड वाकून खालची फळी बघत होता. दिवा डाव्या टोकाशी धरून म्हणाला, "मिस गेन्स... हे दातांचे वळ आहेत. तुमचा मुलगा इथं होता तेव्हा केवढा होता?"

"दोन वर्षांचा."

"हो... इथले दोन वर्षांचेच दिसतात." त्यानं दिवा हळूहळू उजवीकडं सरकवला. बारीक, दाट, दुधाच्या दातांचे वळ. पुढं जरा मोठे. मग एके ठिकाणी मधे मोकळी जागा सुटलेली, पुढचे दोन दात पडलेले असावेत तशी. त्याच्यापुढं नवे, रुंद दात. आणि फळीच्या उजव्या टोकाला पुऱ्या वाढलेल्या माणसाचा जबडा, लाकडात खोल रुतलेला. तिथलं लाकूड पांढरं होतं. ताजं. लॉइडनं हातमोज्याचं बोट लावून पाहिलं, आणि ते ओलं निघालं.

"उंदीर असतील," मिस ब्रॅनिगन म्हणाल्या.

टिलमन जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसला होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलायला लागला, खाली मान घालून. भिंत त्यानं स्वतःच्या हातानं ठोकली होती, आत कुणी नव्हतं. पण त्यानंतर इथं भाडेकरू टिकेना. आधीचे म्हणायचे, मधल्या खोलीत पोर मोजत असतं. मागाहून आले ते म्हणाले, शंभराच्या पुढं मोजतो. "शेवटचं कुटुंब ऐन थंडीत सामान टाकून गेलं," म्हातारा म्हणाला. "त्यांचं म्हणणं... तो आता वाचतो. रात्रभर. मोठ्या माणसाच्या आवाजात... घडाघडा वाचतो."

नेटा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. वकीलबाईंना वाटलं ती त्याला मारते की काय. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईचा चेहरा होता तो.

"काय वाचतो?" तिनं विचारलं. "मिस्टर टिलमन... काय वाचतो तो?"

कॉर्डेलला स्वतःचं नावही लिहिता येत नाही, हे टिलमनलाही ठाऊक होतं. त्यानं काठीवर कपाळ टेकलं आणि नुसताच म्हणत राहिला, की मला वाटलं झाकलं म्हणजे झालं, मला वाटलं झाकलं म्हणजे झालं.

लॉइडनं फळी कापून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली. करवत चालू होती तोवर नेटानं कानांवर हात धरले होते. नंतर तिनं एकदा रिकाम्या चौकटीत डोकं घालून हलक्यानं हाक मारली. विटांवरून पाणी ठिबकत होतं, एवढंच.

खटला पुढं उन्हाळ्यात निकाली निघाला, कॉर्डेलच्या बाजूनं. न्यायाधीशानं सांगितलं, की राहतं घर झाडणं हा भाडेकरूचा गुन्हा होत नाही. त्या घरात विष आहे हे ठाऊक असून गप्प बसणं, आणि मग ते झाकून वर शपथ घेणं, हा मालकाचा. चांगला निकाल होता. वस्तीतल्या बायकांनी तो एकमेकींना पुन्हा पुन्हा सांगितला. पण ते सगळं पुढचं. त्या संध्याकाळी काय झालं ते मिस ओडेसा अजून सांगते, आणि सांगताना दाराकडं बघत बसते.

नेटा घरी पोचली तेव्हा अंधारून आलं होतं. जिन्यातच तिला ओडेसा भेटली. म्हातारी खुशीत होती. म्हणाली, तू मदतीला माणूस ठेवलास हे मला सांगायचं तरी. माझा डोळा लागला, उठून बघते तर आतून आवाज, कुणी कॉर्डेलला वर्तमानपत्र वाचून दाखवतंय. शांत, समजूतदार मुलगा. मग म्हटलं आपण मधे कशाला जा. "आवाज मात्र अगदी तुझ्या कॉर्डेलचा गं," ती म्हणाली. "भाऊच म्हणावा."

नेटा कठडा धरून वर चढली. दार लोटलेलं होतं, दिवा लावलेला नव्हता. सोफ्याच्या एका टोकाला कॉर्डेल बसला होता, एरवी ऐसपैस पसरणारा, आज अंग चोरून. शेजारी एका माणसाची जागा सोडून. मान त्या रिकाम्या जागेकडं कललेली. मांडीवर वर्तमानपत्र उघडं.

"मम्मा," तो म्हणाला. "तो आलाय."

"कोण, बेबी?" तिनं विचारलं. "काय... काय म्हणतो तो?"

कॉर्डेलनं कान दिला. कुणी हळू बोलत असलं की आपण श्वास धरून ऐकतो ना, तसं ऐकलं. मग एकेक शब्द जपून उचलत, उभ्या जन्मात बोलला नव्हता एवढं लांब वाक्य तो बोलला.

"तो म्हणतो... तू खूप दमलीस, मम्मा... आता मी बघतो याच्याकडे... तू जा."

नेटा भिंतीला टेकली. छातीवर हात गेला. जी काळजी तिला रात्र रात्र झोपू देत नव्हती, तिचं उत्तर तिच्याच सोफ्यावर येऊन बसलं होतं. आणि ते ऐकून तिला आधी वाटलं ते सुखच, मी खरं सांगतेय. भीती मागून आली.

"कुठं जाऊ, बाळा?" तिनं विचारलं. कॉर्डेलला नाही, शेजारच्या त्या जागेला.

कॉर्डेलनं पुन्हा कान दिला. या वेळी तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्यानं आईकडं, तिच्या छातीवरच्या हाताकडं पाहिलं, आणि लहान पोरासारखा ओठ काढून रडायला लागला.